तळे, रांजण आणि काच : सुवर्णमत्स्याच्या इतिहासातील तीन स्थित्यंतरे

१. प्रश्नाचे स्वरूप

गाय, घोडा, कुत्रा, कोंबडी या प्राण्यांना मनुष्याने केव्हा आणि कसे माणसाळविले, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाला केवळ स्वतःच्या साधनांनी देता येत नाही. ती घटना लिपीच्या जन्माआधीची असल्यामुळे तेथे उत्खननात सापडलेल्या हाडांवर आणि दातांवर भिस्त ठेवावी लागते. सुवर्णमत्स्याची, म्हणजे बोलण्यात आपण ज्याला गोल्डफिश म्हणतो त्या माशाची, गोष्ट निराळी आहे. हा प्राणी गेल्या सुमारे एक हजार वर्षांत, चीनमधील एका अत्यंत साक्षर समाजाच्या डोळ्यांदेखत, रानटी अवस्थेतून पाळीव अवस्थेत आला. या प्रवासाच्या बहुतेक प्रत्येक टप्प्यावर कोणी कवी, कोणी अधिकारी, कोणी टिपणकार हजर होता आणि त्याने काही ना काही लिहून ठेविले. पाळीव प्राण्याची घडण लेखी पुराव्याच्या आधारे आरंभापासून तपासता यावी, अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

शोभेचे मासे पाळण्याचा छंद हा विषय विद्यापीठीय अभ्यासाच्या दृष्टीने क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या प्रश्नासाठी चार्ल्स डार्विनला सुवर्णमत्स्याकडे वळावे लागले तो प्रश्न क्षुल्लक नव्हता. मनुष्याच्या निवडीने सजीवाचे रूप किती बदलू शकते, आणि ही निवड नेमकी कोण, केव्हा व कशाच्या साहाय्याने करतो, हा तो प्रश्न होय.

सुवर्णमत्स्याच्या उत्पत्तीची दोन कारणे सामान्यतः सांगितली जातात. एक बौद्ध धर्मातील भूतदया व दुसरे राजदरबाराची हौस. ही दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु ती अपुरी आहेत. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या इतिहासातील निर्णायक कारण अगदी साधे, भौतिक स्वरूपाचे आहे. ते म्हणजे मासा ज्यात ठेविला जातो ते पात्र. तळे, रांजण आणि काचपात्र या तीन पात्रांनी सुवर्णमत्स्याच्या इतिहासाचे तीन कालखंड पाडले आहेत. आणि पात्र बदलले तसतसे माशाशी असलेले मनुष्याचे नातेही बदलले आहे.

२. निसर्गातील मासा

सुवर्णमत्स्य हा कार्प कुळातील, म्हणजे आपल्याकडील रोहू व कटला ज्या कुळात मोडतात त्याच कुळातील मासा होय. लिनिअसने १७५८ मध्ये त्याला ‘सिप्रिनस ऑराटस’ असे नाव दिले. आज तो ‘कॅरॅशियस’ या वंशात गणला जातो. त्याचा रानटी पूर्वज पूर्व आशियातील संथ पाण्यात राहतो. चिनी भाषेत त्याला ‘जी’ म्हणतात. त्याचा रंग करडा किंवा हिरवट-रुपेरी असतो. चिखलाच्या तळाशी सहज मिसळून जाणारा हा रंग त्याचे बगळ्यापासून आणि मोठ्या माशांपासून रक्षण करतो.

या माशाच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात आणि तांबूस-पिवळ्या रंगद्रव्याच्याही असतात. एखाद्या पिल्लात आनुवंशिक बदलामुळे काळ्या पेशी नाहीशा झाल्या, की खालचा पिवळा-तांबडा रंग उघडा पडतो. आजही सुवर्णमत्स्याची पिल्ले जन्मतः काळपटच असतात. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्यांचा काळिमा ओसरतो आणि सोनेरी रंग दिसू लागतो. असा बदल निसर्गात अधूनमधून घडतच असला पाहिजे. परंतु वाहत्या नदीत किंवा उघड्या सरोवरात सोनेरी होणे म्हणजे शत्रूच्या नजरेला आमंत्रण देणे होय. म्हणून असा मासा जगण्यासाठी आणि त्याची संतती वाढण्यासाठी पहिली अट होती ती संरक्षणाची. ही अट धर्माने पूर्ण केली.

३. पहिले पात्र : तळे

धरलेला जीव विकत घेऊन सोडून देणे हे चिनी बौद्धांमध्ये पुण्यकृत्य मानले जाई. या आचाराला राज्याचा आश्रयही लाभला. इ. स. ७५९ मध्ये तांग सम्राट सू-त्सुंग याने राज्यात एक्याऐंशी ठिकाणी जीवमुक्तीची तळी निश्चित करविली. मठांच्या आवारातील अशा तळ्यांत मासेमारीला बंदी असे. कोळ्याच्या जाळ्यात विलक्षण रंगाचा मासा सापडला, तर तो खाण्यापेक्षा अशा तळ्यात सोडण्याकडे लोकांचा कल होणे स्वाभाविक होते. परिणामी, निसर्गात विखुरलेले आणि लवकर मरणारे सोनेरी मासे एका जागी जमू लागले.

सुंग राजवटीच्या (इ. स. ९६०–१२७९) आरंभापासूनचे पुरावे हांगचौ व ज्याशिंग या दोन शेजारच्या शहरांभोवती एकवटलेले आहेत. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिंग येन-त्सान या अधिकाऱ्याला ज्याशिंगजवळच्या तळ्यात सोनेरी ‘जी’ आढळल्याची नोंद आहे. परंतु या कालखंडावर खरा प्रकाश टाकणारे टिपण आहे ते सू तुंगफो (१०३७–११०१) या थोर कवीचे. तो सांगतो की, सू शुनछिन या आधीच्या कवीने हांगचौच्या षट्समन्वय मनोऱ्याजवळील मठात सोनेरी माशाची वाट पाहत दिवसभर रेंगाळल्याचे लिहिले होते. त्याचा अर्थ आपणास प्रथम कळला नव्हता. पुढे हांगचौ येथे अधिकारपदावर गेल्यावर मठामागील तळ्यात खरोखरच असे मासे आहेत हे त्याला समजले. एकदा त्याने पाण्यात पोळीचे तुकडे टाकून पाहिले. बऱ्याच वेळाने मासे थोडेसे वर आले, काही न खाता पुन्हा खाली गेले आणि मग दिसलेच नाहीत. पहिल्या कवीच्या काळापासून चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. मासे इतके दीर्घायुषी झाले ते पुढे येण्यास नाखूष, मागे हटण्यास तत्पर आणि वाटेल ते न खाणारे असल्यामुळेच, असा निष्कर्ष त्याने काढला. दरबारी राजकारणात पोळलेल्या त्या अधिकाऱ्याने माशाच्या निमित्ताने स्वतःच्या वर्गाला दिलेला हा सल्ला आहे हे उघड होय.

त्यातील नीतिबोध बाजूला ठेविला तरी ऐतिहासिक साक्ष उरतेच. सोनेरी मासा तेथे होता, तो सुरक्षित होता, आणि चाळीस वर्षांत त्याचा वंश टिकला होता. परंतु तो माणसाळलेला नव्हता. त्याला कोणी नियमाने खाऊ घालीत नव्हते. त्याच्या संततीत कोणी निवड करीत नव्हते. तळ्याने सोनेरी मासा राखला. त्याने नवा मासा घडविला नाही.

४. भारतीय तुलना

केवळ संरक्षणाने प्राणी पाळीव बनत नाही, या विधानाची कसोटी भारतीय उदाहरणांवर घेता येते. कारण माशांचे धर्माने किंवा राजाने केलेले संरक्षण आपल्याकडे चीनपेक्षाही जुने आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांच्या यादीत मत्स्याचा समावेश आहे, आणि ठरावीक तिथींना मासे मारू वा विकू नयेत अशी आज्ञा आहे. महाराष्ट्रात ही वृत्ती ‘देवाचे मासे’ या रूपाने आजवर टिकून आहे. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळणकोंड आणि पालघर जिल्ह्यात वैतरणेवरील तिळसे येथील डोहांतले महसीर देवस्थानाचे मानले जातात. त्यांना कोणी धरीत नाही आणि भाविक त्यांना खाऊ घालतात. हे मासे माणसाच्या चाहुलीने जवळ येतात. सू तुंगफोच्या बुजऱ्या माशांपेक्षा ते अधिक सलगीचे आहेत असेच म्हणावे लागेल. तरीही त्यांच्यातून वेगळी पाळीव जात निर्माण झाली नाही. डोह नदीचाच भाग असतो. पावसाळ्यात मासे येतात आणि जातात. आणि देवाच्या माशांत डावे-उजवे करण्याचा अधिकार कोणालाच नसतो.

राजदरबाराच्या हौसेचेही तसेच आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित असलेला ‘मानसोल्लास’ हा चालुक्य सम्राट तिसरा सोमेश्वर याचा संस्कृत कोशग्रंथ इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध झाला. हा काळ दक्षिणी सुंग राजवटीच्या पहिल्या सम्राटाचा समकालीन होय. या ग्रंथातील मत्स्यविनोदाच्या प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांची राहण्याची ठिकाणे आणि त्यांना द्यावयाची खाद्ये यांची बारकाईने माहिती आहे. परंतु खाऊ घालण्याचा हेतू मासे ठरावीक जागी जमावेत आणि गळाने धरण्याची क्रीडा राजाला करता यावी, हा आहे. माशाचे ज्ञान विपुल होते. माशाच्या संततीशी मात्र कर्तव्य नव्हते.

तिसरे उदाहरण काश्मीरचे. फ्रेंच प्रवासी बर्निए औरंगजेबाच्या कारकिर्दीत १६६५ च्या सुमारास तेथे गेला असता वेरनागच्या बागेतील एका जलाशयात त्याने हाकेला येणारे मासे पाहिले. मोठ्या माशांच्या कल्ल्यांत सोन्याच्या कड्या होत्या, आणि त्या नूरजहानने घातल्या असे त्याला सांगण्यात आले. दरबाराची हौस किती दूरवर जाऊ शकत होती याचा हा नमुना होय. पण हे सोने बाहेरून चढविलेले होते. ते पुढच्या पिढीत उतरणारे नव्हते. संरक्षण, सलगी आणि राजाश्रय या तिन्ही गोष्टी एकत्र येऊनही नवा प्राणी निर्माण झाला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवून आपण हांगचौकडे परत वळू.

५. हांगचौचे व्यावसायिक

उत्तर चीन गमावल्यानंतर सुंग राजधानी हांगचौला आली. सम्राट काओ-त्सुंग याने ११६२ मध्ये गादी सोडली आणि निवृत्तीच्या काळात राहण्यासाठी घेतलेल्या तह-शौ या प्रासादात सोनेरी माशांची तळी राखली. सम्राटाचे पाहून सरदार व धनिक यांच्या अंगणांतही दगडी हौद आले. परंतु या हौदांना मासे पुरविणारा एक वर्ग शहरात तयार झाला, ही त्याहून महत्त्वाची घटना होय.

या वर्गाचे सर्वांत मोलाचे वर्णन युए ख याने तेराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या टिपणांत सापडते. सेनापती युए फेई याचा हा नातू. तो सांगतो की, राजधानीत मासे पाळणारे काही लोक माशांना सोनेरी करू शकतात. त्यासाठी ‘जी’ मासा उत्तम, त्याखालोखाल कार्प. त्यांना त्यांची विद्या विचारली असता ते सांगत नाहीत. बाजारपेठेच्या गटारांतील बारीक तांबडे किडे शंभर दिवस खाऊ घातले की मासा आधी रुप्यासारखा पांढरा, मग पिवळट आणि शेवटी सोनेरी होतो असे ऐकिवात आहे; परंतु त्याची शहानिशा करण्यास आपणास सवड झाली नाही, अशी प्रांजळ पुस्ती त्याने जोडली आहे. पांढऱ्या अंगावर लाखेसारखे काळे ठिपके असलेल्या आणखी एका जातीचाही तो उल्लेख करतो.

या उताऱ्याचे मूल्यमापन आजच्या ज्ञानाच्या आधारे करता येते. जलपिसवांसारख्या सूक्ष्म कवचधारी जीवांत तांबूस रंगद्रव्ये असतात आणि ती खाल्ल्याने माशाचा रंग गडद होतो, हे खरे आहे. परंतु ज्या माशाच्या वंशात काळिमा गळण्याचा गुण नाही तो कितीही किडे खाऊन सोनेरी होणार नाही. तेव्हा किड्यांची गोष्ट खोटी नसली तरी तीच सर्व विद्या नव्हे. खरे रहस्य पाळणाऱ्यांजवळ असलेल्या वंशात होते आणि ते त्यांनी सांगितले नाही. ज्यांना माहीत होते त्यांनी लिहिले नाही आणि ज्यांनी लिहिले त्यांना माहीत नव्हते, अशी ही अवस्था आहे. आपल्याकडील रंगारी, ओतारी, विणकर यांच्या विद्येचा इतिहास लिहिणाऱ्यास ही अडचण नवी वाटणार नाही.

युए ख पुढे आणखी एक हकिकत देतो. सरदार वू शी सछ्वानला परत निघाला तेव्हा त्याने सरोवराचे पाणी भरून तीन मोठ्या नौकांतून मासे बरोबर नेले आणि त्यांना पोसण्यासाठी हांगचौची माणसेही नेली. कारण ती कला त्यांनाच येत होती. मासे विकत घेता येत होते, परंतु माशांबरोबर माणूस न्यावा लागत होता. सुवर्णमत्स्य हा आता निसर्गाचा चमत्कार राहिलेला नसून तो एका कारागिरीचा भाग बनला होता, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात वू त्झू-मू या लेखकाने हांगचौचे जे वर्णन केले आहे त्यात छ्येन-थांग वेशीबाहेर मासे वाढवून ते शहरात विकणाऱ्यांचा आणि या धंद्याच्या नावाचाही उल्लेख आहे. म्हणजे छंदामागोमाग बाजारही उभा राहिला होता. तथापि या साऱ्या काळात रंगांपलीकडे फारसे वैविध्य दिसत नाही. माशाचा आकार अजून पूर्वजाचाच होता.

६. दुसरे पात्र : रांजण

खरे परिवर्तन घडले ते मिंग राजवटीत (इ. स. १३६८–१६४४), मासा तळ्यातून मातीच्या रांजणात आला तेव्हा. लांग यिंग हा हांगचौचा लेखक नमूद करतो की, १५४८ पासून शहरात गडद तांबड्या रंगाची एक जात निघाली असून तिला अग्निमत्स्य म्हणतात. ती ज्याला आवडत नाही असा माणूस नाही, आणि जेथे ती पाळली जात नाही असे घर नाही. लोक रंगांत चढाओढ करतात, त्यातून नफा मिळवितात आणि कोणाकोणाकडे दहाहून अधिक रांजण असतात. या नोंदीतील शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. तळे ही मठाची, राजाची किंवा धनिकाची मालमत्ता असते. रांजण सामान्य गृहस्थाच्या अंगणात मावतो. सुवर्णमत्स्याचा छंद आता सार्वत्रिक झाला. आणि पाहणाऱ्यांची संख्या वाढताच विलक्षण पिल्लू नजरेस पडण्याचा संभवही त्याच प्रमाणात वाढला.

रांजणाने आणखी तीन गोष्टी साधल्या. पहिली अशी की, माशांचे लहान लहान गट एकमेकांपासून अलग ठेवता येऊ लागले. तळ्यात सर्वांचा संकर होतो आणि नवा गुण पुढच्या पिढीत बुडून जातो. वेगळ्या रांजणात तो राखता येतो. दुसरी अशी की, अधू किंवा मंदगती पिल्लालाही जगण्याची संधी मिळाली. तेथे शत्रू नव्हता आणि अन्न हातानेच घातले जात होते. तिसरी गोष्ट म्हणजे रांजण अपारदर्शक असल्यामुळे मासा वरूनच पाहिला जाई. वरून पाहिला असता पाठीची रुंदी, डोळ्यांचा फुगीरपणा आणि शेपटीचा पसारा हेच गुण नजरेत भरतात. चिनी सुवर्णमत्स्याच्या प्रसिद्ध जातींत नेमके हेच गुण वाढविलेले दिसतात. बाहेर आलेले डोळे, दुपाखी शेपटी, पाठीवरच्या पराचा अभाव आणि पुढे एका जातीत आकाशाकडे वळलेली बुबुळे, ही सारी रांजणावर वाकून पाहणाऱ्या डोळ्यांची निवड आहे.

ही निवड जाणूनबुजून होत होती याचा निःसंदिग्ध पुरावा १५९६ चा आहे. चांग छ्येनत या सुमारे एकोणीस वर्षांच्या तरुण रसिकाने त्या वर्षी ‘चू-शा यू फू’, म्हणजे हिंगुळवर्णी माशांवरील प्रबंध, लिहिला. ए. सी. मूल यांनी १९५० मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. ग्रंथाचे दोन भाग आहेत. एकात माशांचे रूप वर्णिले आहे आणि दुसऱ्यात त्यांचे संगोपन. इतर माशांच्या शेपटीला दोनच टोके असतात, पण या माशांत तीन, पाच, सात आणि नऊ टोकांचीही शेपटी आढळते, असे तो सांगतो. संगोपनाच्या भागात त्याने दिलेली पद्धत अशी : दर उन्हाळ्यात काही हजार पिल्ले विकत घ्यावीत, ती काही दशक रांजणांत वाटून वाढवावीत, रोजच्या रोज त्यांतील हिणकस काढून टाकावीत, शंभरांत एक-दोनच राखावीत, उरलेली दोन-तीन रांजणांत एकत्र करून त्यांची विशेष काळजी घ्यावी, म्हणजे दुर्मिळ नमुने आपोआप हाती येतात. राज्याने गुणी माणसे निवडावीत तसेच हे आहे, संग्रह विस्तृत आणि निवड कठोर असावी, अशी तुलनाही त्याने केली आहे. परीक्षांच्या द्वारे अधिकारी निवडणाऱ्या समाजातील तरुणाला ही उपमा सुचावी यात नवल नाही.

शंभरांतून अठ्ठ्याण्णव टाकून देणे ही क्रिया मठाच्या तळ्यात अशक्य होती. तेथे ती पापच ठरली असती. ज्या करुणेने सोनेरी मासा वाचविला तिच्या पोटी नव्या जाती जन्मल्या नाहीत; त्या जन्मल्या करुणा बाजूला ठेवणाऱ्या निवडीतून. सुवर्णमत्स्याच्या इतिहासातील हा विरोधाभास दृष्टिआड करून चालणार नाही. पुढील पायरी १८४८ च्या एका सचित्र ग्रंथात दिसते. तेथे केवळ निरुपयोगी पिल्ले काढून टाकण्याचा सल्ला नसून, नर व मादी यांची जोडी रंग, जात आणि आकार यांचा मेळ पाहून जमविण्याचा आहे.

आधुनिक जीवशास्त्राने या लेखी पुराव्याला दुजोरा दिला आहे. चिनी प्राणिशास्त्रज्ञ छन चेन यांनी १९२८ मध्ये सुवर्णमत्स्याच्या पारदर्शक खवल्यांचा गुण मेंडेलच्या नियमांनुसार संक्रांत होतो असे दाखविले, आणि १९५६ मध्ये ग्रंथाधारे त्याच्या माणसाळण्याचा इतिहासही मांडला. दुपाखी शेपटीचे कारण ‘कॉर्डिन’ नावाच्या जनुकातील बदल हे असल्याचे २०१४ मध्ये सिद्ध झाले. या माशाच्या पूर्वजांत फार प्राचीन काळी जनुकसंचाची द्विरुक्ती झाली असल्यामुळे त्याच्यात या जनुकाच्या दोन प्रती आहेत. एक बिघडली तरी दुसरी गर्भाला तारून नेते. निसर्गाने दिलेल्या या सवलतीचा फायदा रांजणाने करून दिला.

७. तिसरे पात्र : काच

चीनमधून हा मासा प्रथम जपानला गेला. परंपरा १५०२ हे वर्ष सांगते. १७४८ मध्ये आदाची योशियुकी याने त्याच्या संगोपनावर जपानी ग्रंथ लिहिला, आणि यामातो-कोरियामा येथे कनिष्ठ सामुराईंनी जोडधंदा म्हणून त्याची पैदास केली. अठराव्या शतकात युरोपातील श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत तो काचेच्या गोलकात पोहू लागला. परंतु गोलक हे पात्र म्हणून सदोष होते. पृष्ठभाग लहान असल्याने पाण्यात प्राणवायू पुरेसा मिसळत नसे. पाणी वारंवार बदलावे लागे आणि तरीही मासे मरत.

डार्विनला सुवर्णमत्स्यात स्वारस्य वाटले ते याच सुमारास. १८६८ च्या आपल्या ग्रंथात, चिनी लोकांनी हे मासे शोभेसाठी पाळले असल्यामुळे नव्या जाती घडविण्यात निवडीचा मोठा वाटा असला पाहिजे, असे त्याने प्रतिपादिले. ते वाचून डब्ल्यू. एफ. मेयर्स यांनी चिनी कोशग्रंथ चाळले, आणि १८७१ च्या ग्रंथातील टीपेत डार्विनने सुंग काळाचा व १५४८ च्या अग्निमत्स्याचा दाखला दिला. हांगचौच्या एका टिपणकाराचे वाक्य सव्वातीनशे वर्षांनी उत्क्रांतिवादाच्या चर्चेत साक्षीला उभे राहिले. शंभरांत एक-दोन राखण्याचा चांग छ्येनतचा उपदेश या विवेचनात येत नाही. तो येता तर डार्विनला अनुमानाऐवजी प्रत्यक्ष कबुलीच मिळाली असती.

काचपात्राचा प्रश्न सोडविला तो लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने, आणि तोही सुवर्णमत्स्याच्याच साहाय्याने. १८४९ मध्ये त्याने सुमारे बारा गॅलन पाणी मावेल अशा काचपात्रात वाळू व माती घालून व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सुवर्णमत्स्य सोडले. काही काळाने कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने गोगलगाई घातल्या. त्यांनी कुजका भाग खाल्ला आणि त्यांची अंडी माशांना अन्न म्हणून मिळाली. वनस्पती, मासा आणि गोगलगाय यांच्या परस्परावलंबनाने पाणी न बदलता पात्र स्वच्छ राहिले. हा निष्कर्ष त्याने १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडला. काचेवरील कर १८४५ मध्ये उठलेला असल्यामुळे पात्रे स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि फिलिप गॉस याच्या १८५४ च्या ग्रंथाने ‘अक्वेरिअम’ हा शब्द घरोघर पोहोचविला.

वॉरिंग्टनचे स्पष्टीकरण पुरते नव्हते. माशाच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया वनस्पतींप्रमाणेच वाळूवर वाढणारे जिवाणूही निर्विष करतात हे पुढे कळले. योगायोग असा की, मातीतील हे नायट्रीकरण दोन वेगवेगळ्या टप्प्यांत होते हे दाखविणाऱ्यांत त्याचाच समनामक मुलगा होता. पित्याच्या पात्रात काय घडत होते याचा अर्धा खुलासा पुत्राच्या प्रयोगशाळेत झाला.

काचेने पाहण्याची दिशाही बदलली. मासा आता बाजूने दिसू लागला. पाश्चात्त्य पाळणाऱ्यांनी बाजूने देखणे दिसणारे लांब पर आणि शरीराची बाह्यरेषा यांना महत्त्व दिले. त्याबरोबरच छंदाचा हेतूही विस्तारला. १८६९ मध्ये पॅरिसच्या पिएर कार्बोनिए याने चीनमधून आलेल्या ‘नंदनमत्स्या’ची काचपात्रात पैदास केली आणि उष्ण प्रदेशांतील माशांच्या छंदाचा पाया घातला. काचेतून त्यांचे घरटे बांधणे, अंडी राखणे हे वर्तन पाहता येऊ लागले. मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मराठी माणसाला हे सार्वजनिक दृश्य घरच्या किनाऱ्यावर लाभले. रांजणातील मासा निवडीचा विषय होता. काचेतील मासा निरीक्षणाचाही झाला.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली : संरक्षण, सलगी आणि हौस ही माणसाळविण्याची पूर्वतयारी आहे, तिचे कारण नव्हे, भारतीय उदाहरणे हे स्पष्ट करतात. कारण निर्माण होते ते निवड शक्य करणाऱ्या साधनाने, आणि येथे ते साधन मातीचा रांजण होते. दुसरी : या निर्मितीचे श्रेय सम्राटांपेक्षा हांगचौच्या अनामिक पाळणाऱ्यांकडे आणि गृहस्थांकडे जाते. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांचे लेखन माशाच्या देहातच उरले आहे, आणि जनुकशास्त्र आज ते वाचू लागले आहे. तिसरी : पात्राने घडविलेला प्राणी पात्राचा बंदा राहतो. आकाशाकडे डोळे लागलेला, पाठीचा पर हरवलेला मासा उघड्या पाण्यात अन्न शोधू शकत नाही. उलट साधे सुवर्णमत्स्य नदीत सोडले गेले, की पिढ्यांमागून पिढ्या बहुधा करड्या पूर्वजाकडेच झुकतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील व्हास नदीत तर ते इतके माजले की तेथील मूळ जलचरांना उपद्रव ठरले.

म्हणून मासा सोडून देण्याचे जुने पुण्यकृत्य आणि मासा घडविण्याची कला यांचा हिशेब आज नव्याने मांडावा लागतो. ज्याला आपण बाहेर जगण्यास असमर्थ करून ठेविले त्याला सोडणे ही दया नव्हे, आणि जो बाहेर जगतो त्याला सोडणे ही इतर जीवांवर दया नव्हे. हजार वर्षांपूर्वी तळ्याच्या काठी मनुष्याने एका माशाला अभय दिले. त्या अभयाचे पुढे ममत्वात आणि ममत्वाचे स्वामित्वात रूपांतर झाले. स्वामित्वाबरोबर आलेली जबाबदारी कोणती, याचा निर्णय मात्र या छंदाच्या इतिहासाने अद्याप दिलेला नाही.